राज्यशास्त्राची पदवी: फी थोडी, खर्च वेगळाच

“पोरीले बी.ए.ले टाकाचं हाय. राज्यशास्त्र घेतो म्हणते. किती लागन?”

जून उजाडला की वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न कानावर येतोच. बारावीचा निकाल लागलेला असतो, मृगाच्या सरींची वाट पाहत सोयाबीनचे बियाणे घरात येऊन पडलेले असते, आणि खतासाठी बाजूला काढलेल्या पैशातूनच प्रवेशाची रक्कमही काढायची असते. पेरणी आणि प्रवेश एकाच पंधरवड्यात येतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर गोलमोल देऊन चालत नाही. एखादे घर या उत्तरावर मुलीला पुढे शिकवायचे की थांबवायचे हे ठरवते.

माझे उत्तर असे की फी हा या पदवीचा सर्वांत लहान खर्च आहे. एसटी, खोली, कागदपत्रे आणि न मिळालेली किंवा उशिरा मिळालेली शिष्यवृत्ती यांचा हिशेब फीच्या कितीतरी पुढे जातो. तो आधी मांडला, तर साध्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरालाही ही पदवी पेलते.

कुठे शिकायचे

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणतात ते घराजवळचे, कमी फीचे, दोन वर्षांचे महाविद्यालय. आपल्याकडे यूजीसीने त्याच नावाची योजना आणली, पण ती कौशल्य अभ्यासक्रमांची. राज्यशास्त्रासाठी आपले खरे ‘समाजाचे कॉलेज’ म्हणजे तालुक्याच्या गावचे कला महाविद्यालय. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला सहा तालुके आहेत: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. वाशिमचे राजस्थान आर्य महाविद्यालय, रिसोडचे उत्तमचंद बगडिया महाविद्यालय, मंगरूळपीरचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय अशी नावे इथल्या घरांना ओळखीची आहेत. ही महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीवर नाव विद्यापीठाचेच येते, त्यामुळे तीच पदवी घ्यायला अमरावतीत खोली करून राहण्याची गरज नाही. बी.ए.ला सीईटीही नाही. बारावीच्या गुणांवर महाविद्यालयातच प्रवेश होतो, म्हणून ‘सीट काढून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. कार्यालयात दोन प्रश्न विचारा. पहिला: राज्यशास्त्राची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच छताखाली दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. दुसरा: विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे? तासिका तत्त्वावर शिकवणारे अनेकजण मन लावून शिकवतात, पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि ती लांबली की पहिल्या सत्राचे आठवडे रिकामे जातात. पैसे भरूनही तास झाले नाहीत तर तो तोटा फीच्या पावतीवर कधीच दिसत नाही. शक्य असेल तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून मागच्या वर्षी किती तास झाले ते विचारा. त्याच्याइतके खरे उत्तर कार्यालयात मिळत नाही.

पावती वाचायला शिका

अनुदानित तुकडीतल्या साध्या बी.ए.ची वर्षाची रक्कम काही हजारांत आटोपते. पावतीवर मात्र दहा-बारा ओळी असतात: शिक्षण शुल्क, प्रवेश शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यापीठ नोंदणी, विद्यार्थी कल्याण निधी, अनामत. पहिल्या वर्षी नोंदणी आणि पात्रता यांची भर पडते, ती पुढच्या वर्षी नसते. अनामत परत मिळते. तीन वर्षांनी टी.सी. काढताना ती आठवणीने मागा, पुष्कळजण विसरतात.

परीक्षा शुल्क बहुधा वेगळे आणि वर्षातून दोनदा भरावे लागते, कारण पद्धत सत्रांची आहे. तारीख चुकली की विलंब शुल्क चढते. पुनर्मूल्यांकनाचे आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचे पैसे निराळे. एखादा विषय राहिला तर पुन्हा परीक्षा शुल्क. प्रत्येक रकमेची छापील पावती मागा. ‘नंतर देतो’ म्हटले, तर पैसेही नंतरच द्या. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ पासून आहे, पावतीशिवाय रक्कम मागण्याचा अधिकार कुणालाच नाही.

राज्यशास्त्राला प्रयोगशाळा नाही, त्यामुळे प्रात्यक्षिकाचे शुल्कही नाही. पण जोडविषय भूगोल किंवा गृहअर्थशास्त्र घेतला की प्रात्यक्षिक, नोंदवही, साहित्य यांचा खर्च मागून येतो. भूगोल आवडत असेल तर जरूर घ्या. ‘सोपा आहे’ असे मैत्रिणीने सांगितले म्हणून घेणार असाल, तर हा खर्च धरून ठरवा.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची रचना बदलली आहे. पहिले वर्ष पूर्ण केले (४० ते ४४ श्रेयांक) की प्रमाणपत्र, दुसऱ्याला (८० ते ८८) पदविका, तिसऱ्याला (१२० ते १३२) पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी. मधेच लग्न, आजारपण किंवा नापिकी आडवी आली तर केलेले वर्ष वाया जात नाही, ही यातली मोठी सोय आहे. प्रवेश अर्ज भरताना राज्यशास्त्र ‘मेजर’ म्हणून मिळतेय की ‘मायनर’, हे लेखी पाहून घ्या. तोंडी आश्वासनावर विषय ठरवू नका.

एसटीचा पास

खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा नेमाचा खर्च प्रवासाचा. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला सुमारे ६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो, पण तो बारावीपर्यंतच. काल बारावीत फुकट जाणारी मुलगी बी.ए.ला आली की पासाचे पैसे सुरू होतात, आणि हे बहुतेक घरांच्या ध्यानात ऑगस्टमध्ये येते.

एक ढोबळ हिशेब करू. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास दर आहे. गाव अठरा किलोमीटरवर असेल तर तीन टप्पे, एका वेळेचे तीस, जाऊन-येऊन साठ. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीड हजार, त्याचा तिसरा हिस्सा पाचशे. दहा महिन्यांचे पाच हजार. फीच्या बरोबरीचा आकडा झाला.

मुलींनी आणखी एक गणित करावे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. वरच्या गावाहून तिला दिवसाला तीस रुपये पडतात. महिन्यात सोळा दिवसांपर्यंत जाणे होणार असेल तर अर्धे तिकीट स्वस्त, सतरा दिवसांपासून पुढे पास स्वस्त. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घरी हात लागतात, तेव्हा महिनाभराचा पास काढून तो वाया घालवू नका. पण बाकीच्या महिन्यांत पासच काढा. पास खिशात असला की पाय महाविद्यालयाकडे वळतात, आणि शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागतेच.

पास काढण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ बघा. तास दुपारी संपतात आणि परतीची गाडी संध्याकाळी असेल तर ते तीन तास ग्रंथालयात बसण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. गाडी चुकली की काळीपिवळीचे पूर्ण भाडे पडते.

खोली, मेस, वसतिगृह

गावाला गाडीच नाही, किंवा मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरून रोज येणे शक्य नाही, तर राहण्याचा प्रश्न येतो. दोघींनी मिळून घेतलेल्या खोलीचे माणशी १,५०० आणि मेसचे २,५०० धरले, तर महिन्याचे चार हजार आणि दहा महिन्यांचे चाळीस हजार होतात. तुमच्या गावचे दर घालून हेच गणित करा. फी कुठल्या कुठे मागे राहते ते दिसेल.

म्हणून आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत, आदिवासी विकास विभागाची आहेत, आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचीही अलीकडे सुरू झाली आहेत. जागा मर्यादित असतात, म्हणून महाविद्यालयाच्या प्रवेशाबरोबरच हा अर्ज करा. प्रवेश झाल्यावर ‘बघू’ म्हणणाऱ्याला जागा मिळत नाही.

वसतिगृह मिळाले नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला वाशिमसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, अकोला-अमरावतीसारख्या महापालिकेच्या शहरात ५१,००० रुपये. वरच्या चाळीस हजारांच्या हिशेबाशी हे ताडून बघा, खोली आणि मेस दोन्ही निघतात. गुणांची, उत्पन्नाची आणि स्थानिक नसल्याची अट आहे. याच धर्तीवर इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बंजारा समाज विमुक्त जातींत येतो, आणि पोहरादेवीच्या या जिल्ह्यात त्या समाजाची वस्ती मोठी आहे, तरी या योजनेचे नावही न ऐकलेली घरे मला भेटतात. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाहीत, पहिले काही महिने घरूनच काढावे लागतात. त्याची तजवीज आधी करा.

शिष्यवृत्ती: पैसा येतो, पण वाट लांब

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. साध्या पदवीला निर्वाह भत्ता वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० आणि घरून येणाऱ्यास ३,००० रुपये, शिवाय शुल्काची भरपाई. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. खुल्या प्रवर्गातल्यांनी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहावी. इतर मागास आणि विमुक्त-भटक्या प्रवर्गांच्या योजना त्याच संकेतस्थळावर आहेत.

इथे दोन ठिकाणी घरे फसतात. २०२१ पासून अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, आणि त्या रकमेत महाविद्यालयाचे शुल्कही असते. खात्यावर पैसे दिसले की ते फवारणीला किंवा किराण्याला जातात, आणि नंतर परीक्षेच्या अर्जाच्या वेळी महाविद्यालय शुल्क मागते. पैसे आले त्याच दिवशी कार्यालयात जाऊन आपले किती आणि महाविद्यालयाचे किती, ते विचारून घ्या.

दुसरी गल्लत मुलींच्या मोफत शिक्षणाची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. साध्या बी.ए.ची फी त्यात आपोआप माफ होत नाही. बातमी ऐकून रिकाम्या हाताने आलेले वडील कार्यालयाच्या खिडकीशी खाली मान घालून उभे राहतात, ते पाहवत नाही. बी.ए.साठी ज्या त्या प्रवर्गाची शिष्यवृत्तीच मागायची.

कागदपत्रांचा खर्च कमी करता येतो. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचे ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क माफ केले. साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र चालते. तरीही कुणी स्टॅम्प पेपर आणायला सांगत असेल तर नकार द्या. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात दर लिहिलेला फलक असतो, त्यावरची रक्कम द्या आणि पावती घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये रांग गावाबाहेर जाते. बँकेत जाऊन आधार खात्याला जोडले आहे का, तेही त्याच फेरीत पाहा. शिष्यवृत्ती अडकण्याचे सर्वांत साधे कारण तेच असते.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर

अनेक मुले बी.ए.ला नाव घालून ठेवतात आणि मग नर्सिंगला, डी.एड.ला किंवा पोलीस भरतीच्या तयारीला जातात. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केले तर पूर्ण फी परत मिळते (प्रक्रिया शुल्काची किरकोळ कपात सोडून). त्या तारखेच्या आतल्या पंधरा दिवसांत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही.

नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचे असेल तर १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.ए. मराठीतून करता येते, आणि पुस्तके फीमध्येच मिळतात. इग्नूतही राज्यशास्त्र आहे, पण माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता यूजीसीचा डीईबी आयडी लागतो, तो मोफत निघतो. ‘परीक्षेला न येता डिग्री’ देणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. तो कागद कुठल्याच भरतीत टिकत नाही.

पुस्तके, आणि घराजवळची प्रयोगशाळा

पुस्तकांवर पहिल्या वर्षी फार पैसा घालू नका. बालभारतीची अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची पुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत. आधी तीच नीट वाचा, निम्मा पाया तिथेच होतो. भारताचे संविधान मराठीत मोफत उतरवून घेता येते. मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो. भा. ल. भोळे यांचे ‘भारतीय गणराज्याचे शासन आणि राजकारण’ किंवा सुहास पळशीकरांची पुस्तके ग्रंथालयातून घ्या. बहुतेक मुले यातले काहीच न घेता प्रत्येक सत्राला गाईड विकत घेतात. तीन वर्षांच्या गाइडांच्या पैशात दोन-तीन चांगली पुस्तके कायमची घरात येतात, आणि विषयही कळतो.

या विषयाचा अभ्यास करायला वाशिमसारखी जागा नाही, असे मी मनापासून म्हणतो. राज्यभर गाजलेला ओबीसींच्या राजकीय आरक्षणाचा खटला इथल्याच जिल्हा परिषदेशी जोडलेला आहे. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. स्थानिक संस्थांत ओबीसींना आरक्षण द्यायचे तर आयोगाने मागासलेपणाचा अभ्यास करायचा, त्यावरून प्रमाण ठरवायचे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, अशी ही तिहेरी चाचणी. वाशिम जिल्हा परिषदेच्या ५२ पैकी १४ जागा त्यामुळे रिकाम्या झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथे पोटनिवडणूक झाली. दिल्ली-मुंबईच्या विद्यार्थ्याने हे पुस्तकात वाचायचे. तुमची मुलगी त्या गटातल्या मतदाराला, हरलेल्या उमेदवाराला, ग्रामसेवकाला भेटून लिहू शकते.

जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ: रिसोड, वाशिम आणि कारंजा. पण रिसोड लोकसभेला अकोल्यात जातो आणि बाकीचे दोन यवतमाळ-वाशिममध्ये. एक जिल्हा, दोन खासदार. याचा विकासकामांवर काय परिणाम होतो, हा तिसऱ्या वर्षाच्या क्षेत्रीय प्रकल्पाचा उत्तम विषय आहे आणि त्याला एसटीच्या पासापलीकडे खर्च नाही. नव्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आहेत. विकत घेतलेला तयार प्रकल्प जोडण्यापेक्षा पंचायत समितीत चार फेऱ्या मारलेल्या बऱ्या. तयार प्रकल्पाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

पुढे काय, हा प्रश्न पालक हळूच विचारतात. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषयांत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध आहे. तीन वर्षे मन लावून शिकलेल्याला पुण्यात जाऊन महागडा क्लास लावण्याआधी घरच्या घरी पाया तयार करता येतो. प्राध्यापकीसाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते, ती वाट लांब आहे आणि जागा थोड्या. नोकरीची हमी ही पदवी देत नाही, तसे सांगून कुणी प्रवेश घ्यायला लावत असेल तर विश्वास ठेवू नका.

वर सांगितलेल्या क्षेत्रीय प्रकल्पाची सुरुवात मात्र पहिल्याच वर्षी करता येते. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. आपल्या ग्रामपंचायतीच्या मागच्या चार ग्रामसभांची इतिवृत्ते मागणारा एक अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर पोहोच घ्या. छायाप्रतीचे पानाला दोन रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर यायला हवे.